आकड्याखालची सही

हिंगोली जिल्ह्यात पैसा आणणारी दोन पिके एकमेकांपासून फार लांब पिकत नाहीत. वसमतच्या शिवारात बांधाच्या अलीकडे ऊस आणि पलीकडे हळद असे चित्र सहज दिसते. भाव ठरण्याची रीत मात्र दोघांची अगदी निराळी. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात येते. व्यापारी ढिगातली कांडी उचलतो, मोडतो, आतला रंग पाहतो आणि बीट सुरू होते. उसाकडे असे कोणी पाहून भाव सांगत नाही. उसाचे मोल साखर उताऱ्यावर, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्यावर, ठरते आणि उतारा ठरतो कारखान्याच्या प्रयोगशाळेत, केमिस्टने नोंदवलेल्या आकड्यांवरून. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र किंवा बायोकेमिस्ट्री घेऊन पुढे काय, असा प्रश्न या जिल्ह्यातल्या घराघरांत बारावीच्या निकालानंतर विचारला जातो. त्याचे उत्तर या दोन रीतींमधल्या फरकात आहे. रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या माणसाकडून समाज मुख्यतः एकच गोष्ट विकत घेतो: दुसऱ्याने विश्वास ठेवावा असा आकडा आणि त्याखाली जबाबदारीने केलेली सही. नवे रेणू बनवणे, औषधे शोधणे ही कामे मोठीच आहेत, पण त्यांचाही निवाडा शेवटी मोजमापावर होतो. हे ध्यानात आले, तर कॉलेजच्या तीन-चार वर्षांत नेमके काय कमवायचे, हेही कळते.

आधी उसाचे पाहू, कारण तिथे आकड्याची किंमत रुपयांत सांगता येते. २०२५-२६ च्या गाळप हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, ठरवली. उतारा त्याहून वर गेला तर दर ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे वाढतात. खाली आला तर तेवढेच घटतात, मात्र उतारा साडेनऊ टक्क्यांच्या खाली गेला तरी आणखी कपात होत नाही. एखाद्या कारखान्याने पाच लाख टन ऊस गाळला असे धरले, तर उताऱ्यातल्या ०.१ टक्क्याच्या फरकाने १ कोटी ७३ लाख रुपये इकडचे तिकडे होतात. वसमतच्या पूर्णा सहकारी साखर कारखान्यासारख्या कोणत्याही कारखान्यात पाळीवर असलेला लॅब केमिस्ट रसाचा ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण) काढतो, पोलारीमीटरवर पोल (साखरेचे प्रमाण) वाचतो, बगॅसमध्ये आणि मळीत किती साखर निसटली ते मोजतो. पूर्वी गोदामातली पोती मोजून बरेचसे कळत असे. आता बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळते, तेव्हा तिच्याबरोबर गेलेली साखर हिशेबात परत धरावी लागते आणि ती पोत्यांत दिसत नाही, विश्लेषणातच दिसते. म्हणजे शेतकऱ्याच्या पट्टीवरचा एक मोठा आकडा एका बी.एस्सी. झालेल्या मुलाने रात्रपाळीत पाहिलेल्या वाचनावर उभा असतो. त्याने नमुना नीट ढवळला नाही, किंवा उपकरण तपासून घेतले नाही, तर चूक कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही, पण ती पैशांत मोजली जाते.

हळदीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि तिथेच रसायनशास्त्राचा कस लागतो. हळदीच्या पिवळ्या रंगाचा घटक, कर्क्युमिन, १८१५ साली व्होगेल आणि पेल्तिए यांनी वेगळा काढला. त्याची रचना मिलोबेंद्झका, कोस्तानेत्स्की आणि लांपे यांनी सांगितली, ती १९१० मध्ये. एका रंगाचा रेणू ओळखायला ९५ वर्षे लागली. त्यात २१ कार्बन, २० हायड्रोजन आणि ६ ऑक्सिजन अणू असतात. हळकुंडात तो एकटा नसतो, त्याची आणखी दोन भावंडे असतात आणि तिघांना मिळून कर्क्युमिनॉइड म्हणतात. हळदीत त्यांचे प्रमाण साधारण दोन ते पाच टक्के भरते. जात, जमीन, काढणीची वेळ, शिजवण्याची पद्धत यांवर ते बदलते. अल्कली लागली की हा रेणू पिवळ्याचा लाल होतो. हळदीचा डाग साबणाने लालसर पडतो तो त्यामुळेच, आणि हळदीला चुना लावून कुंकू करणाऱ्या बायका रसायनशास्त्र न शिकता ही अभिक्रिया पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. भारतीय अन्न मानकांनुसार हळद पावडरीत कर्क्युमिनॉइड किमान दोन टक्के, पाणी कमाल दहा टक्के, राख कमाल नऊ टक्के असावी लागते आणि लेड क्रोमेट मुळीच चालत नाही.

आता हा दोन टक्क्यांचा आकडा काढतात कसा? सोपी पद्धत अशी: पावडर अल्कोहोलमध्ये तापवायची, रंग उतरला की गाळायचे आणि त्या द्रावणाने ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला, ते स्पेक्ट्रोफोटोमीटरवर पाहायचे. जितका प्रकाश शोषला, तितका रंग. उपकरण महाग नाही, मराठवाड्यातल्या बऱ्याच महाविद्यालयांच्या आवाक्यातले आहे. पण उपकरणाला कर्क्युमिन ओळखता येत नाही, त्याला फक्त त्या तरंगलांबीवरचा प्रकाश कळतो. मेटॅनिल यलो हा बंदी असलेला स्वस्त रंग जवळजवळ त्याच तरंगलांबीच्या आसपास प्रकाश शोषतो. म्हणजे निकृष्ट हळदीत हा रंग मिसळला तर आकडा चांगला येण्याचा धोका असतो. उलट लेड क्रोमेट अल्कोहोलमध्ये विरघळतच नाही. ते गाळणकागदावर राहते आणि यंत्राला त्याचा पत्ताही लागत नाही. पहिली भेसळ आकडा फुगवते, दुसरी आकड्यातून निसटते. मेटॅनिल यलोसाठी हायड्रोक्लोरिक आम्लाची चाचणी करावी लागते. गुलाबी-जांभळा रंग आला आणि पाणी घातल्यावरही टिकला तर संशय पक्का होतो, कारण शुद्ध हळदीचा तसा रंग पाण्याने जातो. शिशासाठी नमुना आम्लात पचवून वेगळ्याच उपकरणावर मोजावा लागतो. आणि तिन्ही कर्क्युमिनॉइड एकमेकांपासून अलग करून पाहायचे तर एचपीएलसी हे द्रव क्रोमॅटोग्राफीचे यंत्र लागते. कोणती चाचणी कशाने फसते, हे माहीत असणे म्हणजे केमिस्ट असणे. बटण दाबून आलेला आकडा वहीत उतरवायला पदवी लागत नाही.

यंत्रे आता स्वतःच सगळे करतात, मग माणूस कशाला, या आक्षेपाचे उत्तर जगाने २००८ साली फार महागात शिकून घेतले. दुधातले प्रथिन मोजण्याची केल्डाल पद्धत १८८३ पासून वापरात आहे. ती खरे तर नायट्रोजन मोजते आणि त्याला ठराविक आकड्याने गुणून प्रथिन सांगते. चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळले गेले. त्यात नायट्रोजन भरपूर, प्रथिन शून्य. यंत्र बिघडले नव्हते, आकडा त्याच्या परीने बरोबरच होता. पण तो ज्या गोष्टीचा आहे असे सगळे समजत होते, त्या गोष्टीचा नव्हता. सुमारे तीन लाख बाळे आजारी पडली आणि सहा दगावली. यंत्र जितके वेगवान, तितका चुकीचा आकडाही वेगाने पसरतो. म्हणून स्वयंचलित उपकरणांमुळे रसायनशास्त्रज्ञाची गरज संपेल, हे म्हणणे मला पटत नाही. नुसते नमुने भरणाऱ्या आणि बाटल्या धुणाऱ्या हातांची गरज जरूर कमी होईल, आणि ज्या विद्यार्थ्याने तीन वर्षांत तेवढेच शिकून घेतले त्याने काळजी करावी, हे मात्र खरे.

यार्डातला अनुभवी व्यापारी यावर हसेल. तो म्हणेल, आमची नजर तुमच्या यंत्रापेक्षा तीक्ष्ण आहे. त्यात तथ्य आहे. कांडी मोडल्यावरचा आवाज, आतला रंग, वजन, वास यांवरून ओलावा आणि दर्जा जोखण्याचे कौशल्य पुस्तकात मिळत नाही, आणि रोज शेकडो ढिगांना एचपीएलसी लावणे कोणालाच परवडणार नाही. पण नजरेची एक मर्यादा आहे: नजर रंगाला भाव देते, मग रंगच खोटा करायला माणूस प्रवृत्त होतो. बांगलादेशात नेमके हेच झाले. १९८०च्या दशकात पुरामुळे हळद ओली राहून फिकी पडली आणि तिला उठाव आणायला पॉलिश करताना लेड क्रोमेट लावण्याची वाईट सवय लागली. शिसे पोटात जाऊन मुलांच्या मेंदूवर परिणाम करते. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी या संस्थेच्या संशोधकांनी रक्तातल्या शिशाचा माग काढत तो हळदीपर्यंत नेला. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते. सरकारने हातात धरता येणारी एक्स-रे उपकरणे घेऊन बाजारात तपासणी केली, दंड केले, लोकांना सांगितले. २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आले. वर्षानुवर्षे नजरेला जे दिसले नव्हते ते मोजमापाने दोन वर्षांत आटोक्यात आणले. हिंगोलीच्या हळदीवर शंका घेण्यासाठी हे उदाहरण देत नाही. २०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव मोठे झाले की त्या नावाने दुसराच माल विकणारेही पुढे येतात, आणि तेव्हा आपल्या मालाची बाजू मांडायला आपल्याकडचा आकडा लागतो.

बायोकेमिस्ट्रीकडे वळायला या जिल्ह्यात हळदीइतकेच चांगले निमित्त सोयाबीन देते. खरिपात इथले रान सोयाबीनने भरलेले असते. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर नावाचे प्रथिन असते. ते पोटातल्या ट्रिप्सिन या विकराला अडवते आणि खाल्लेले प्रथिन नीट पचत नाही. कोंबडीच्या खाद्यात कच्ची पेंड गेली तर वाढ खुंटते. म्हणून तेल काढलेली पेंड कारखान्यात वाफेने भाजतात. किती भाजायची हा खरा प्रश्न. कमी भाजली तर इनहिबिटर शिल्लक, जास्त भाजली तर प्रथिनातले लायसिन वाया. इनहिबिटर थेट मोजणे वेळखाऊ आहे, म्हणून कारखान्याची प्रयोगशाळा सोयाबीनमधल्याच युरिएज या दुसऱ्या विकराची क्रिया पाहते. तेही उष्णतेने जवळपास त्याच सुमारास मरते. ते मेले असेल तर इनहिबिटरही मेला असावा, असा हा तर्क. आणि जास्त भाजले गेले का, हे पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये प्रथिन किती विरघळते त्यावरून कळते. इथेही आपण हवी ती गोष्ट न मोजता तिच्या शेजारची गोष्ट मोजतो आहोत, आणि शेजाऱ्यावर कधी किती भरवसा ठेवायचा, हेच बायोकेमिस्टला शिकावे लागते.

या विषयात महाराष्ट्राला एक थोर पूर्वसुरी आहे. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांच्या बहीण. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळवल्यावर १९३३ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला, आणि त्या हटल्या नाहीत म्हणून अटी घालून दिला. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. त्यांचा शोध वनस्पतींच्या पेशींमधल्या सायटोक्रोम सी या घटकाविषयी होता. ही कथा बहुतेक ठिकाणी इथेच थांबवतात, कारण अपमान आणि विजय एवढे सांगितले की भाषणाला पुरते. माझ्या दृष्टीने त्यांचे पुढचे आयुष्य अधिक बोधक आहे. त्यांनी डाळींमधले ट्रिप्सिन इनहिबिटर अभ्यासले, नीरेची पोषणमूल्ये तपासली, मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या, आणि उतारवयात १९६६ साली स्थापन झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाच्या कामात उतरून ग्राहकांसाठी लिहिले. केंब्रिजमध्ये सायटोक्रोम शोधणे आणि गिऱ्हाईकाला त्याच्या ताटात काय पडते ते सांगणे, ही दोन टोके त्यांच्या लेखी एकाच विद्येची होती.

ताटाचा विषय निघालाच आहे, तर हळदीच्या औषधीपणाचाही हिशेब करावा, कारण तिथे रसायनशास्त्रज्ञाला आपल्याच लोकांना न आवडणारी गोष्ट सांगावी लागते. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्याचे पेटंट मिळाले. तेव्हा रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या वैज्ञानिक संशोधन परिषदेने जुने संदर्भ पुढे ठेवून त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. आपल्याला त्याचा अभिमान वाटतो, आणि वाटावाच. पण पेटंट रद्द झाले ते ही माहिती जुनीच आहे म्हणून. हळद सर्व रोगांवर चालते, असा त्याचा अर्थ होत नाही. कर्क्युमिन शरीराच्या तापमानाला आणि रक्ताइतक्या सौम्य अल्कली द्रावणात ठेवले तर अर्ध्या तासात त्यातले सुमारे नव्वद टक्के मोडून जाते. आतड्यातून ते फारसे शोषले जात नाही. मिऱ्यातल्या पायपरीनबरोबर दिल्यास शोषण खूप वाढते, असे १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखवले, पण मुळात ते इतके कमी असते की वाढूनही फार होत नाही. शिवाय हा रेणू प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्यांना परिणाम नसतानाही परिणाम दिसल्याचा भास करून देतो. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी १२०हून अधिक मानवी चाचण्यांचा विचार करून लिहिले की, काटेकोर तुलना असलेल्या एकाही चाचणीत कर्क्युमिन यशस्वी ठरलेले नाही. हळद पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या बायोकेमिस्टने हे झाकून ठेवावे का? मला वाटते, नाही. जो विश्लेषक गैरसोयीचा आकडा देतो, त्याच्याच सोयीच्या आकड्याला परदेशातला खरेदीदार मान देतो. आणि मसाला म्हणून, रंग म्हणून हळदीची बाजारपेठ औषधाच्या दाव्यावाचून उभी आहे.

हे सारे मान्य करूनही पालकांचा पहिला आक्षेप जागचा हलत नाही: इथल्या कॉलेजात शिकून हे सारे येते कुठे? नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये झाले आणि हिंगोलीची महाविद्यालये त्याच्याशी जोडलेली आहेत. लहान गावातल्या महाविद्यालयात एचपीएलसी नसणे, प्रात्यक्षिक वहीत आधीच लिहून टाकणे, एका ब्युरेटीभोवती घोळका करणे, या तक्रारी खऱ्याच आहेत. तरी माझे म्हणणे असे की, या विद्येचा गाभा महाग उपकरणांत नाही. टायट्रेशन तीनदा केले आणि तीन वाचने जुळली नाहीत, तर जुळवून न लिहिता का जुळली नाहीत ते शोधणे, पिपेटीतला शेवटचा थेंब फुंकायचा की नाही हे कळणे, रिकामा नमुना आणि माहीत असलेला नमुना सोबत चालवणे, हे शिकायला इच्छा आणि पाणी पुरेसे आहे. पातळ थराची क्रोमॅटोग्राफी करायला छोटी प्लेट, क्लोरोफॉर्म आणि थोडे मिथेनॉल लागते. वसमतच्या हळदीचा अर्क तिच्यावर चढवला तर तीन पिवळे ठिपके वेगळे दिसतात, तीच ती तीन भावंडे. एचपीएलसी हेच काम अधिक नेटके करते, पण तत्त्व प्लेटवर समजते. जुळवलेली वाचने लिहायची सवय पुढे फार महाग पडते. २०१३ मध्ये रॅनबॅक्सी या भारतीय औषध कंपनीने अमेरिकेत चाचण्यांच्या खोट्या नोंदींसह अनेक गुन्हे कबूल करून ५० कोटी डॉलर भरले. त्यानंतर भारतातल्या औषध कारखान्यांत नोंदींच्या सचोटीवर जी करडी नजर आली, ती अजून हटलेली नाही. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत म्हणूनच मुलाला रेणूपेक्षा नोंदवहीबद्दल अधिक विचारतात.

नोकऱ्यांचे म्हणाल तर त्या आहेत, पण कायद्याने कोणते दार कोणाला उघडे आहे ते नीट पाहावे. किरकोळ औषधविक्रीचा परवाना आणि औषध निरीक्षकाचे पद फार्मसीवाल्यांच्या आणि काही अंशी वैद्यकीय पदवीधरांच्या वाट्याला आहे. एम.एस्सी. रसायनशास्त्र तिथे चालत नाही. फार्मसीला कायद्याचे कुंपण आहे आणि रसायनशास्त्राला नाही, म्हणून बी.फार्म. बरी, हा आक्षेप या बाबतीत बरोबर आहे. पण अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदाला बायोकेमिस्ट्रीची पदवी किंवा रसायनशास्त्राची एम.एस्सी. चालते, आणि अन्न विश्लेषक व्हायचे तर रसायनशास्त्र, बायोकेमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजीची पदव्युत्तर पदवी, तीन वर्षे अन्न तपासणीचा अनुभव आणि परीक्षा अशी वाट आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात नमुन्याचे चार भाग करतात, विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्याच्या सहीवर खटला उभा राहतो. दुसऱ्या बाजूला त्या सहीला आव्हान देण्याचीही सोय आहे, तो माझ्या मते कायद्यातला सर्वांत शास्त्रीय भाग. याशिवाय न्यायसहायक प्रयोगशाळा, पाणी तपासणीच्या प्रयोगशाळा, साखर आणि डिस्टिलरी, तेल गाळप, आणि सर्वांत मोठा भरणा औषध उद्योगात, गुणवत्ता नियंत्रण (क्यूसी), गुणवत्ता हमी (क्यूए) आणि संशोधन विभागांत. मराठवाड्याच्या मुलांना त्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाण्याइतकेच हैदराबादही जवळचे आहे. बल्क ड्रगच्या त्या शहराकडे जाणारा रस्ता निजामाच्या काळापासून या भागाच्या पायाखालचा आहे. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, कंत्राटी कामही असते, हे लपवण्यात अर्थ नाही. दोन-तीन वर्षे टिकून उपकरणावर हात बसवला की माणसाला निवड करता येते. तोवर येत नाही.

संशोधनाकडे जायचे असेल तर अंतर कमी झाले आहे. मुंबईची रासायनिक तंत्रज्ञान संस्था (आयसीटी) १९३३ पासूनची, तिचा मराठवाडा परिसर २०१८ पासून जालन्यात आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून आणि आयसर २००६ पासून आहे. एम.एस्सी.साठी जॅम आणि पुढे सीएसआयआर-नेट या परीक्षांत कॉलेजचे नाव विचारत नाहीत. नेटमधून ज्युनियर रिसर्च फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे पीएच.डी. घरच्यांवर ओझे न टाकता होऊ शकते. हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि असे महाविद्यालय बायोकेमिस्ट्री विभागाशिवाय चालत नाही. वसमतला बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर झाले आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळ्यात होणारा, गुरुत्वीय लहरी टिपणारा लायगो प्रकल्प लोकांना निव्वळ पदार्थविज्ञानाचा वाटतो. पण त्याच्या चार-चार किलोमीटरच्या नळ्यांतली पोकळी टिकवायची म्हणजे स्टेनलेस स्टीलमधून सुटणारा हायड्रोजन आणि भिंतीला चिकटलेले पाणी हाकलायचे. अमेरिकेतल्या लायगोत नळ्या सुमारे महिनाभर १५० ते १७० अंशांवर तापवल्या होत्या. आरशावर तेलकट वाफेचा लवलेश बसू नये म्हणून वस्तू तपासाव्या लागतात, आणि हे काम पृष्ठभागाच्या रसायनशास्त्राचे आहे.

शेवटचा आक्षेप असा की शिकलेली मुले निघून जातील आणि यार्डातल्या ढिगांना त्याचा काही उपयोग होणार नाही. बरीच जातील, जावीतही. पण तपासणीतले एक काम मालाजवळच करावे लागते, ते म्हणजे नमुना घेणे. ढिगाच्या वरच्या दहा कांड्या उचलल्या तर पुढे कितीही चांगली एचपीएलसी असो, आकडा त्या दहा कांड्यांचाच येतो. ढिगाच्या कोणत्या थरातून, किती ठिकाणांहून, किती वजन, मग कुटून, मिसळून, चौथाई करून किती पुढे पाठवायचे, पिशवीला ओल लागू नये म्हणून काय करायचे, याचे शास्त्र आहे. विश्लेषणातली मोठी चूक बहुतेक वेळा इथेच होते, आणि नेमका हाच भाग अभ्यासक्रमात सर्वांत कमी शिकवला जातो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला आता क्षेत्रप्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचे श्रेयांक आहेत. ते कुठल्या तरी दुकानाचा शिक्का आणून भरण्यापेक्षा हंगामात यार्डातून शास्त्रीय पद्धतीने नमुने घ्यावेत, महाविद्यालयात ओलावा, राख आणि ४२५ नॅनोमीटरचे वाचन करावे, त्यातले मोजके नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवून आपला आकडा किती चुकतो ते पाहावे. बाजार समितीला, शेतकरी उत्पादक कंपन्यांना आणि व्यापाऱ्यांनाही हे आकडे चालतील. कोणाची नजर कुठे अचूक होती आणि कुठे चुकली, तेही त्यात कळेल.